निकोटीनची चाचणी, मशेरी आणि हातात आलेली नोकरी

सांगलीकडच्या एका परिचारिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाने त्यांना नोकरीचे पत्र दिले असून, रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीत निकोटीन आढळल्यास ते पत्र रद्द समजले जाईल, अशी अट त्यात आहे. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही, पण लहानपणापासून त्या मशेरी लावत होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती सोडली आणि आता दिवसातून पाच-सहा वेळा 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम चघळतात. अशी अट घालणे कायदेशीर आहे का, गममुळे चाचणी पॉझिटिव्ह येईल का आणि अर्जात काय लिहावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तीनही प्रश्नांची उत्तरे आधी सरळ सांगतो. पेनसिल्व्हेनियात ही अट कायदेशीर आहे. तुमच्या गममुळे चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता खूप मोठी आहे. आणि अर्जात जे खरे आहे तेच लिहावे, पण ते कोणत्या शब्दांत आणि केव्हा लिहावे याला महत्त्व आहे. मी मिरजेला शिकलो आणि गेली 22 वर्षे ओहायो राज्यात रुग्णालयांच्या कर्मचारी-आरोग्य विभागांत डॉक्टर म्हणून काम करतो आहे. अशा चाचण्यांचे अहवाल वाचून त्यांखाली सही करणे हे माझ्या रोजच्या कामांपैकी एक काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचे पाहू. अमेरिकेत खाजगी मालकाला कोणाला नोकरीवर घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, याचे जवळजवळ पूर्ण स्वातंत्र्य असते. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वय, अपंगत्व अशा कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांवरून नकार देता येत नाही, परंतु तंबाखू किंवा निकोटीन वापरणारा माणूस त्या यादीत येत नाही. निकोटीनच्या व्यसनाला अपंगत्व मानून संरक्षण मिळवण्याचे प्रयत्नही न्यायालयात सहसा टिकलेले नाहीत. अपंगत्वविषयक 1990 च्या कायद्याचा उपयोग होतो तो एवढाच, की नोकरीचा प्रस्ताव हातात देण्याआधी मालकाला वैद्यकीय तपासणी करता येत नाही. तुमची चाचणी पत्र मिळाल्यानंतर ठेवली आहे ती त्यामुळेच.

मात्र राज्याराज्यांत फरक आहे. 1989 नंतरच्या चार-पाच वर्षांत बऱ्याच राज्यांनी कामाच्या वेळेबाहेर तंबाखू वापरणाऱ्यांना संरक्षण देणारे कायदे केले. त्यांच्यामागे एकीकडे नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटना होत्या आणि दुसरीकडे तंबाखू कंपन्या, हेही लक्षात ठेवायला हवे. आज 29 राज्यांत आणि राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यात असे कायदे आहेत. न्यू जर्सीत आहे, पेनसिल्व्हेनियात नाही. फिलाडेल्फियातून डेलावेअर नदीवरचा बेंजामिन फ्रँकलिन पूल ओलांडला की आपण न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये असतो, आणि त्या एका पुलाच्या दोन टोकांना एकाच माणसाचा हक्क वेगळा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने 2013 मध्ये तंबाखू वापरणाऱ्यांना न घेण्याचे धोरण लागू केले, तेव्हा न्यू जर्सीतली केंद्रे त्यातून वगळावी लागली होती.

ज्या राज्यांत कायदा आहे तिथेही त्याची भाषा बारकाईने वाचावी लागते. मिसूरीच्या कायद्यात धार्मिक संस्थांना आणि आरोग्याचा प्रसार हे मुख्य काम असलेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थांना सूट आहे. न्यूयॉर्कचा कायदा कायदेशीररीत्या मिळणाऱ्या कोणत्याही सेवनाच्या वस्तूला लागू होतो, म्हणजे गम त्यात सहज बसतो. न्यू जर्सीचा कायदा मात्र धूम्रपान आणि तंबाखूची उत्पादने एवढ्यापुरताच बोलतो. शब्दशः पाहिले तर तिथे सिगारेट ओढणाऱ्याला संरक्षण आहे आणि सिगारेट सोडण्यासाठी गम चघळणाऱ्याचा उल्लेखच नाही. कायदे लिहिले गेले तेव्हा गम आणि त्वचेवर चिकटवायचे निकोटीनचे पॅच इतके सर्रास वापरात नव्हते, त्यामुळे ही फट राहून गेली असावी.

ही प्रथा रुग्णालयांनी सुरू केली असा समज आहे, पण ती बरीच जुनी आहे. थॉमस एडिसनने 1914 मध्ये हेन्री फोर्डला लिहिलेल्या पत्रात, आपण सिगारेट ओढणाऱ्या कोणालाही कामावर ठेवत नाही, असे म्हटले होते. त्याचा राग सिगारेटच्या कागदावर होता, तंबाखूवर नव्हता. तो स्वतः सिगार ओढत असे. त्यानंतर हा विषय पुन्हा पुढे आला तो अग्निशमन दलांमुळे. अनेक राज्यांत अग्निशामकाला हृदयविकार किंवा फुफ्फुसाचा विकार झाला तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरून भरपाई द्यावी लागते. साहजिकच नगरपालिकांनी धूम्रपानावर बोट ठेवले. ओक्लाहोमा सिटीतल्या एका प्रशिक्षणार्थी अग्निशामकाला जेवणाच्या सुट्टीत सिगारेटचे झुरके घेतल्याबद्दल कामावरून काढले होते, आणि 1987 मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मॅसॅच्युसेट्समध्ये तर 1988 पासून भरती झालेल्या पोलिसांना आणि अग्निशामकांना कामावर वा कामाबाहेर धूम्रपान करण्यास कायद्यानेच मनाई आहे.

फ्लोरिडातल्या नॉर्थ मायामी शहराचा खटला मला या सगळ्यांत सर्वाधिक बोलका वाटतो. त्या शहराने नोकरीच्या अर्जदाराकडून, गेल्या वर्षभरात आपण तंबाखू वापरलेली नाही, असे शपथपत्र मागायला सुरुवात केली. एका अर्जदार महिलेने त्याला आव्हान दिले आणि 1995 मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. हॉटेलात खोली घेताना किंवा उपाहारगृहात बसताना आपण धूम्रपान करतो की नाही हे लोकांना सांगावेच लागते, तेव्हा अर्जदाराला त्याबाबत खाजगीपणाची अपेक्षा बाळगता येत नाही, असा न्यायालयाचा तर्क होता. तो नियम फक्त अर्जदारांना होता. आधीपासून कामावर असलेल्यांना तो लागू नव्हता आणि नोकरी मिळाल्यावर नव्या माणसानेही पुन्हा सुरुवात केली असती तरी शहर त्याला काही म्हणणार नव्हते. आरोग्य सुधारणे हा हेतू असता, तर नियम असा लिहिला गेला नसता असे माझे मत आहे.

पुढचा इतिहास वेगाने घडला. अलास्का एअरलाइन्सने 1985 पासूनच ही अट ठेवली होती. मिशिगनमधल्या वेको नावाच्या विमा-व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीने 2005 मध्ये आधीपासून कामावर असलेल्यांचीही चाचणी करायचे ठरवले आणि चार जणांना नोकरी गमवावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून जागतिक आरोग्य संघटनेने धूम्रपान करणाऱ्यांची भरती थांबवली. क्लीव्हलँड क्लिनिकने 2007 मध्ये ही अट आणली आणि मग रुग्णालयांची रांगच लागली. 1 फेब्रुवारी 2020 पासून यू-हॉल या सामानाच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने 21 राज्यांत निकोटीन वापरणाऱ्यांना न घेण्याचे धोरण लागू केले. इथे शब्द बदलला आहे हे पाहा. आधीचे नियम धूम्रपानाचे किंवा तंबाखूचे होते, हा नियम निकोटीनचा झाला. तुमची सगळी अडचण या एका शब्दातून आलेली आहे.

आता चाचणी कशी होते ते सांगतो. शरीरात गेलेले निकोटीन दोन-एक तासांत निम्मे होते, म्हणून प्रयोगशाळा ते थेट शोधत नाही. यकृत त्याचे रूपांतर कोटिनीन नावाच्या पदार्थात करते आणि कोटिनीन निम्मे व्हायला साधारण 16 तास लागतात. चाचणी होते ती याची. रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कोटिनीनचे प्रमाण मिलिलिटरला 250 नॅनोग्रॅमच्या आसपास सापडू शकते. त्याने सोडल्यावर 16 तासांनी ते 125, 32 तासांनी 62 आणि दोन दिवसांनी 31 वर येते. लघवीत हे आकडे रक्ताच्या कित्येक पट असतात, त्यामुळे तिथे ते आणखी काही दिवस दिसत राहते. भरतीच्या लघवीच्या चाचणीत बऱ्याच ठिकाणी 200 नॅनोग्रॅम ही सीमा धरतात, काही ठिकाणी 100. घरात दुसरा कोणी ओढत असेल तर त्या धुराने एवढे प्रमाण सहसा होत नाही. निकोटीनचे विघटन करणारे यकृतातले विकर प्रत्येकाचे सारख्या वेगाने काम करत नाही, म्हणून मी कोणालाही अमुक दिवसांत साफ होईल असे घड्याळ लावून सांगत नाही.

कोटिनीनला ते कुठून आले हे सांगता येत नाही. सिगारेटमधून आले, मशेरीतून आले, व्हेपमधून, म्हणजे ई-सिगारेटमधून आले की औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गममधून आले, अहवालावर एकच आकडा येतो. दिवसाला 2 मिलिग्रॅमचे पाच-सहा गम म्हणजे 200 ची सीमा ओलांडायला पुरेसे ठरू शकते. यावर उपाय आहे आणि तो प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेत उपलब्ध आहे. तंबाखूच्या पानात अॅनाबेसीन नावाचा आणखी एक पदार्थ असतो, जो शुद्ध निकोटीनपासून बनवलेल्या गममध्ये किंवा पॅचमध्ये नसतो. कोटिनीन सापडले आणि अॅनाबेसीन सापडले नाही, तर माणूस तंबाखू वापरत नसून औषध घेत आहे असा निष्कर्ष काढता येतो. ही दुसरी चाचणी करायची की नाही हे मालक ठरवतो, प्रयोगशाळा नाही.

तुमच्या मशेरीविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे, कारण इथल्या कोणत्याही अर्जात तिला जागा नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, ती कुटून केलेली पूड, पत्र्याची छोटी डबी आणि सकाळी परसात बसून बोटाने दातांवर फिरवणे, हे सगळे मी माझ्या आजीकडे पाहिलेले आहे. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे ती म्हणत असे. आता मला माहीत आहे की तिच्या आतड्याला निकोटीनची सवय लागलेली होती. घरात याला कोणी व्यसन म्हणत नसे. ते दात घासणे होते. हिरड्यांतून निकोटीन चांगले शोषले जाते, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावणाऱ्या बाईचे कोटिनीन सिगारेट ओढणाऱ्याच्या तोडीचे असू शकते. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध तुम्हाला परिचारिका म्हणून सांगण्याची गरज नाही.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के आहेत. अमेरिकेतले अर्ज लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र सिगारेटच असते. ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ या रकान्यात आपल्याकडची परिचारिका प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिते, लघवीत कोटिनीन निघते, आणि तिची नोंद व्यसनी म्हणून न होता खोटे बोलणारी म्हणून होते. माझ्यासमोर अशी दोन प्रकरणे आली, दोन्ही स्त्रियांची, आणि दोघींनाही आपण काय चुकीचे लिहिले ते समजतच नव्हते. तंबाखू वापरली म्हणून नाकारलेला माणूस काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करू शकतो. खोटी माहिती दिल्याचा शेरा फाईलवर कायम राहतो.

गम चघळणाऱ्यांच्या बाबतीत हा नियम किती उलटा फिरतो, हे मला एका माणसाने दाखवून दिले. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो तिथे सफाई विभागासाठी आलेला तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होता. रक्तदाब घेण्यासाठी त्याने शर्टाची बाही वर केली तेव्हा दंडावर 21 मिलिग्रॅमचा पॅच दिसला. 30 वर्षे ओढलेली सिगारेट त्याने सात आठवड्यांपूर्वी सोडली होती आणि हे तो अभिमानाने सांगत होता. अहवाल अर्थातच पॉझिटिव्ह आला. माझ्यासमोरच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. मी वरिष्ठांना पत्र लिहिले, अॅनाबेसीनची चाचणी करून घ्यावी असे सुचवले. नियमात निकोटीन हा शब्द आहे, तंबाखू नाही, असे उत्तर आले. मी ते त्याला सांगितले तेव्हा त्याने विचारले, ‘मग हा काढून टाकू का?’ डॉक्टर म्हणून मला ‘नको’ म्हणावे लागत होते आणि माझ्या सहीचा कागद त्याला ‘हो’ म्हणत होता. 90 दिवसांनी पुन्हा अर्ज करता येईल असे मी सांगितले. तो पुन्हा आला नाही. त्या रुग्णालयाने दीड वर्षाने नियमात दुरुस्ती केली आणि पॅच-गमसाठी दुसरी चाचणी सुरू झाली, पण मी त्या दिवशी सही केली होती ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

मालकांची बाजू खर्चाची असते, आणि तो खर्च खोटा नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये काढलेला आकडा सगळीकडे सांगितला जातो: धूम्रपान करणारा कर्मचारी न करणाऱ्यापेक्षा मालकाला वर्षाला 5,816 डॉलर महाग पडतो. पण तो आकडा कशाचा बनला आहे हे फारसे कोणी वाचत नाही. त्यातले 3,077 डॉलर, म्हणजे निम्म्याहून जास्त, सिगारेटसाठी घेतलेल्या सुट्ट्यांचे आहेत. उपचारांचा जादा खर्च 2,056 डॉलर आहे. गैरहजेरीचे 517, कामावर असूनही काम कमी होण्याचे 462 डॉलर आहेत, आणि धूम्रपान करणारे लवकर मरतात म्हणून निवृत्तिवेतनात वाचणारे 296 डॉलर यातून वजा केलेले आहेत. शेवटचा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा कागद खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

या हिशेबातला सर्वांत मोठा भाग कामाच्या वेळेतल्या वागण्याचा आहे. तासाला दहा मिनिटे बाहेर जाऊन उभे राहणाऱ्याला मालकाने जरूर हटकावे. त्यासाठी त्याची लघवी पाहण्याची गरज नाही. गम चघळणारी परिचारिका तर बाहेर जातच नाही. राहिला उपचारांचा खर्च, तर त्यासाठी कायद्याने आधीच एक वाट दिलेली आहे. मालकाच्या आरोग्य विम्यात तंबाखू वापरणाऱ्याकडून विम्याच्या खर्चाच्या 50 टक्क्यांपर्यंत जादा रक्कम घेता येते, मात्र तंबाखू सोडण्याच्या वर्गाला जाणे किंवा तत्सम पर्याय पूर्ण करणाऱ्याला ती माफ करावी लागते. मला हा मार्गही फार आवडतो असे नाही, कारण कमी पगाराच्या माणसाला तो जड जातो. पण त्यात माणसाची नोकरी टिकून राहते आणि सोडण्यासाठी मदत मिळते.

रुग्णालयांचा आणखी एक मुद्दा असतो आणि तो मला पटतो: दम्याच्या मुलाच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या कपड्यांना धुराचा वास येऊ नये. बरोबर आहे, येऊ नये. पाळीवर येताना धुराचा वास असेल तर घरी पाठवले जाईल असा नियम करता येतो आणि काही ठिकाणी तो आहे. आदर्श घालून देण्याचा मुद्दाही मांडला जातो. पण ज्या संस्थेत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण दाखल झाल्यावर त्याला कोणी दोष देऊ नये म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, त्याच संस्थेच्या भरती कक्षात व्यसन हा स्वभावाचा दोष समजून दार लावले जाते, हे मला मान्य नाही. 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी छापल्या होत्या आणि दोन्हीकडे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलेच लोक होते, इतका हा वाद वैद्यकाच्या घरातला आहे.

या नियमाचा भार कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत आज धूम्रपान करणारे बहुतांशी कमी शिकलेले, कमी मिळकतीचे आणि मानसिक आजारांशी झगडणारे लोक आहेत. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बेरोजगार लोकांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, जो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, 12 महिन्यांनंतर धूम्रपान न करणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांना काम मिळाले होते आणि करणाऱ्यांपैकी 27 टक्क्यांना. या फरकाचा काही भाग शिक्षण, वय, आरोग्य अशा इतर कारणांचा होता, पण ती कारणे वजा केल्यावरही मोठे अंतर शिल्लक राहिले. ज्यांना काम मिळाले त्यांच्यातही धूम्रपान करणाऱ्यांना तासाला सुमारे 5 डॉलर कमी मिळत होते. नोकरी नसेल तर अमेरिकेत मालकाकडून मिळणारा आरोग्य विमाही नसतो, आणि विमा नसेल तर व्यसन सोडण्याची औषधे स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात.

भारतात असे होऊ शकेल का, असे तुम्ही शेवटी सहज विचारले आहे. झारखंड सरकारने 1 एप्रिल 2021 पासून आपल्या कर्मचाऱ्यांकडून तंबाखू न वापरण्याचे शपथपत्र घेण्याचा निर्णय केला होता. खाजगी मालकाला रोखणारा, अमेरिकेतल्या त्या 29 राज्यांसारखा कायदा आपल्याकडे नाही. ज्या राज्यात चारांतला एक माणूस तंबाखू खातो, तिथे अशा अटी पसरल्या तर त्या आधी सफाई कामगारांना, चालकांना आणि आयाबायांना लागतील.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. पत्रातली अट पुन्हा वाचा आणि तिथे तंबाखू लिहिले आहे, तंबाखूची उत्पादने लिहिले आहे की निकोटीन, हे पाहा. मग तपासणीची तारीख येण्याआधीच भरती विभागाला ईमेल करा, फोनवर बोलू नका, कारण लेखी उत्तर तुमच्याजवळ राहिले पाहिजे. त्यात दोनच गोष्टी विचारा: डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या निकोटीन गमला धोरणात सूट आहे का, आणि कोटिनीन आढळल्यास अॅनाबेसीनची चाचणी केली जाते का. सूट असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडा. तुम्ही गम स्वतःच दुकानातून घेत असाल, तर तंबाखूमुक्ती केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन त्याची रीतसर नोंद करून घ्या. 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशनही मिळते.

सूट नसेल तर घाईने गम बंद करू नका. गमचा नेहमीचा क्रम 12 आठवड्यांचा असतो: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. तुम्हाला चार महिने झाले आहेत, म्हणजे तुम्ही तसेही शेवटच्या टप्प्याच्या पुढे आहात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-तीन आठवड्यांत गम उतरवत नेणे शक्य आहे. तलफ फार असेल तर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन या गोळ्यांविषयी विचारा. दोन्हींत निकोटीन नाही, त्यामुळे कोटिनीन वाढत नाही. फिट येण्याचा त्रास असलेल्यांना ब्युप्रोपियॉन देत नाहीत. शिवाय त्या गोळीमुळे भरतीच्याच तपासणीतल्या अंमली पदार्थांच्या प्राथमिक चाचणीत अॅम्फेटामीन खोटेच पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून ती घेत असाल तर नमुना देण्याआधी तसे लिहून द्या आणि निश्चितीची चाचणी मागा. तपासणीची तारीख तीन-चार आठवडे पुढे मागण्यात काही गैर नाही. रुग्णालये परदेशातून येणाऱ्यांना ती सहसा देतात.

व्हिसाची काळजी तुम्ही वेगळी केली आहे, ती मात्र नको. व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत नियंत्रित अंमली पदार्थांचा गैरवापर पाहतात. तंबाखू आणि निकोटीन त्यात मोडत नाहीत. धोका आहे तो नोकरीचे पत्र रद्द होण्याचा, कारण तुमचा व्हिसा त्या पत्रावर उभा आहे. म्हणून सध्याची नोकरी सोडण्याचा अर्ज आत्ताच देऊ नका. चाचणीचा निकाल आणि रुग्णालयाचे लेखी उत्तर हातात आल्यावर द्या.

अर्जातल्या रकान्यात असे लिहा: ‘धूम्रपान कधीही केलेले नाही. भाजलेली तंबाखू दातांना लावण्याची सवय होती, ती अमुक तारखेला पूर्ण बंद केली. सध्या 2 मिलिग्रॅम निकोटीन गम, दिवसाला इतके, अमुक तारखेपासून.’ तारखा खऱ्या लिहा. गमच्या पाकिटाचा फोटो आणि औषधाच्या दुकानाची शेवटची तीन-चार बिले एका पाकिटात घालून तपासणीच्या दिवशी बरोबर ठेवा. नमुना घेणाऱ्या तंत्रज्ञाला त्यांचा उपयोग नाही, पण अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरला आहे, आणि त्या डॉक्टरशी बोलायचे आहे असे नमुना देतानाच लेखी नोंदवून ठेवा.